घळीला प्रदक्षिणा

"घळीला फेरी घालायची तर सुलटीच घालायची," मुरलीदादा म्हणाले. "आधी बैलघाटाने खाली, मग घळीतून वर. देवाला कुणी उलटी प्रदक्षिणा घालतं का?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

भाऊबीजेची सकाळ होती. दादांच्या कपाळावर ओवाळणीचं कुंकू अजून ओलं होतं आणि आमच्या बैठकीतल्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते करंजीच्या तुकड्याने हवेत धोंडघळीचा नकाशा काढत होते. ते पाटबंधारे खात्यात होते. पाणी कुठून कुठे जातं, हे त्यांना पाण्यापेक्षा जास्त कळतं, असा त्यांचा समज होता.

"मग येता रविवार?"

"येता रविवार."

त्याच दिवशी संध्याकाळी, त्याच खुर्चीत, कपाळावर तसंच ओलं कुंकू घेऊन त्यांचा धाकटा भाऊ हेमंत बसला होता.

"घळीतून खालीच उतरायचं, दाजी. दोराने. वर चढायला आपण काय पाली आहोत? खाली पोचलं की मग बैलघाटाने आरामात वर."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"कधी जाऊ या?"

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून कुंदा म्हणाली, "येता रविवार त्यांना मोकळाच आहे."

कुंदा या दोघांची मधली बहीण आणि माझी बायको. दादा संगमनेरला, हेमंत नाशिकरोडला आणि आम्ही बरोबर मध्ये, सिन्नरला. घर घेताना मला वाटलं होतं, जागा मोक्याची आहे. तिथल्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवत होतो आणि मध्यस्थ म्हणजे दोन्हीकडून कमावणारा माणूस, असं पोरांना सांगत होतो. सात वर्षं दोन्हीकडून मी काय कमावलं, ते मला माहीत होतं. दादांना हेमंतला काही सांगायचं असलं की माझा फोन वाजे. हेमंतला उत्तर द्यायचं असलं की पुन्हा वाजे. भाऊबीजेला दादा सकाळी येत, हेमंत संध्याकाळी. कुंदा पुरण दोनदा वाटे, वरण दोनदा फोडणीला टाके. मी दोन्ही पंगतींना बसे, कारण जावई पंगतीला नसला तर बरं दिसत नाही.

भांडण जमिनीचं नव्हतं, घराचं नव्हतं. तसं असतं तर तोडगा निघाला असता. भांडण कावळ्याचं होतं.

माझे सासरे, अण्णा, गेले तेव्हा दहाव्याला प्रवरेच्या घाटावर सगळी भावकी जमली होती. पिंड मांडले, पण कावळा काही शिवेना. समोर बाभळीवर बसून राहिला. मग रिवाजाप्रमाणे एकेकाने पुढे होऊन अण्णांना शब्द द्यायला सुरुवात केली. कुंदा म्हणाली, आईला मी बघीन. कावळा हलला नाही. दादा थोरले. त्यांनी हात जोडून सांगितलं, मळ्यातला आंबा तोडणार नाही. कावळ्याने चोच फांदीला घासली. दादांनी घसा साफ करून सांगितलं, हेम्याचं सगळं मी पाहीन, त्याला कशाला कमी पडू देणार नाही. कावळ्याने पाठ फिरवली. ऊन वाढत चाललं होतं. भटजी घड्याळाकडे बघत होते. कुणीतरी हेमंतला पुढे ढकललं. तो बापडा घाईने म्हणाला, "अण्णा, काळजी करू नका. दादाला मी सांभाळीन."

कावळा सरळ खाली आला आणि जेवायला बसला.

भावकीत कुणीतरी हसलं. बस, एवढंच झालं. ज्या दादांनी हेमंतला पाठीवर घेऊन नदी ओलांडली, त्याला कॉलेजात घातलं, त्याचं लग्न जमवलं, त्या दादांना हेमंतने सांभाळायचं, आणि तेही अण्णांनाच मान्य होतं, भर घाटावर. तेरावा आटोपला आणि दादांनी हेमंतशी बोलणं सोडलं. हेमंतने आठवडाभर वाट बघितली आणि मग त्यानेही सोडलं. माझ्या सासुरवाडीला, वाकचौऱ्यांच्या घरात, रुसवा सुरू करायला एक कारण लागतं, चालू ठेवायला लागत नाही.

सासूबाई तेव्हा "चार दिवस लेकीकडे जाऊन येते" म्हणून आमच्याकडे आल्या. एकाकडे राहावं तर दुसरा म्हणणार, आईने बाजू घेतली. म्हणून त्या कुणाकडेच गेल्या नाहीत. कपाट रिकामं करून दिलं तरी त्यांनी कपडे पिशवीतच ठेवले आणि पिशवी कॉटखाली. लेकीच्या घरी माणूस पाहुणाच असतो, असं त्यांचं म्हणणं. सात वर्षं त्या उद्या जाणार होत्या.

त्या भाऊबीजेला हेमंत गेल्यावर त्या वाटाणे सोलत बसल्या होत्या. मध्येच, वाटाण्यांविषयीच बोलावं तसं म्हणाल्या, "माझ्या वेळी कावळा यायचाच नाही, जावईबापू. एकाने शब्द दिला की दुसरा रुसायचा. कावळ्याला तरी काय पडलंय असल्या घरात जेवायला यायचं?"

कुंदाने दुसऱ्या वेळची कढई घासायला घेतली होती. तिने हात थांबवले नाहीत, पण नळ बंद केला.

रात्री झोपायच्या आधी मी तिला म्हणालो, "दोघांना एकच रविवार दिलास."

"हो."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही. तुम्हीही सांगायचं नाही."

"मी काय करायचं?"

"दोघं जे म्हणतील त्याला हो म्हणायचं. तुम्हाला नवीन काही शिकायचं नाहीये त्यात."

मी सुचवून पाहिलं की एखादा पायऱ्यांचा किल्ला बघू, वर चहा मिळतो, देऊळ असतं. मी आयुष्यात सिन्नरच्या पाण्याच्या टाकीपेक्षा उंच काही चढलो नव्हतो.

"किल्ल्याला वाटा चार असतात," कुंदा म्हणाली. "एक इकडून उतरेल, दुसरा तिकडून. आणि गाड्या दोन नेतील. घळीला वाट एक, आणि फिरून परत निघाल्या जागीच यायचं म्हणजे गाडीही एक. हेमंतला मी विचारून घेतलंय. एकदा खाली उतरून दोर ओढून घेतला की मागे फिरता येत नाही."

हेमंतला संध्याकाळी बासुंदीची तिसरी वाटी का मिळाली, ते मला तेव्हा कळलं.

तो आठवडा मी फोनला चिकटून काढला. दादा सांगत, बूट कातडी घ्या, ओल्यावर पकड चांगली. हेमंत सांगे, कातडी बूट चुकूनही नको, सटकाल. मी दोघांना बरोबर आहे म्हणालो आणि दोन्ही जोड बांधून ठेवले. दादा म्हणत, खजूर आणि शेंगदाणे, बाकी काही नको. हेमंतचं म्हणणं, रिकाम्या पोटी घळीत उतरू नये, ताईला पराठे करायला सांगा. दोघंही दोर आणणार होते. दोघंही मला सांगत होते की दाजी, एकच गोष्ट लक्षात ठेवा, माझं ऐका. गुरुवारी दादांनी विचारलं, "आपण दोघंच ना?" मी म्हणालो, "कुंदा डबा भरपूर देतेय." या उत्तराचा त्यांना काय अर्थ लागला माहीत नाही, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. शुक्रवारी वर्गात एका पोराने मला काहीतरी साधंच विचारलं. मी "बरोबर आहे" म्हणालो. तो प्रश्न होता.

दादा शनिवारीच मुक्कामाला आले, आईच्या हातची भाकरी खायला. रविवारी उजाडता उजाडता ते अंगणात बुटांचे बंद आवळत होते, तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. हेमंत उतरला. पाठीवर दोराचं भेंडोळं, डोक्यावर हेल्मेट, तेही डोंगराचंच. मोटारसायकलचं त्याने कधी घातलं नाही.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"दाजी," दादा म्हणाले.

"दाजी," हेमंत म्हणाला.

मी कातडी बुटाच्या पिशवीत काहीतरी शोधू लागलो. दादांनी बंद सोडायला घेतले होते. हेमंतचा पाय किकवर गेला होता. एवढ्यात सासूबाई दारात आल्या, हातात दह्याची वाटी.

"हात पुढे करा. दोघांनी."

दही हातावर पडलं की निघावं लागतं. आईने दिलेलं दही खाऊन घरात परत जाणारा माणूस त्या घराण्यात जन्माला यायचा होता. दोघांनी तळवे पुढे केले. त्यांनी एकाच्या हातावर घातलं, त्याच चमच्याने दुसऱ्याच्या, आणि उरलेलं माझ्या. कुंदाने डबा माझ्याकडे दिला. "शर्ट खोचून घ्या," एवढंच म्हणाली.

मी खोचला नाही. पोट असलेल्या माणसाने शर्ट खोचला की पोट दोनदा दिसतं.

गाडीत दादा माझ्या शेजारी, हेमंत मागे.

"दाजी, त्याला म्हणावं काच लाव. वारं कानात जातंय."

मी मान वळवली. "हेमंत, काच..."

"ऐकलं, दाजी. त्यांना म्हणावं पेट्रोलचा वास येतोय, थोडी उघडी राहू दे."

"दादा, पेट्रोलचा..."

"नाक त्याचंच मोठं पहिल्यापासून."

"हेमंत, दादा म्हणतात..."

"हे सांगू नका हो मला," दादा म्हणाले.

घोटी मागे पडेपर्यंत माझी मान दुखायला लागली. पुढे रस्ता डोंगरात शिरला आणि दोघं गप्प झाले. तेवढीच मला विश्रांती.

पठारावरच्या एका वाडीत गाडी लावली. वाडीच्या पुढे वाट फुटते. एक बैलघाटाकडे, दुसरी घळीच्या तोंडाकडे. आणि तिथे माझ्या आठवडाभराच्या 'बरोबर आहे'ची वसुली सुरू झाली.

"दाजी, तुम्ही मला बैलघाटाने उतरायचं म्हणाला होतात."

"दाजी, तुम्ही मला घळीतून उतरायचं म्हणाला होतात."

"मी दोघांनाही म्हणालो होतो," मी म्हणालो.

"मास्तर आहात की पुढारी?" दादांनी विचारलं.

खरं तर त्यावर एक उपाय होता. दोघांनी दोन बाजूंनी निघायचं आणि मी गाडीत पेपर वाचायचा. घळीत मध्ये कुठेतरी ते समोरासमोर आलेच असते. मी तसं सुचवणार होतो, पण दादा माझ्या पोटाकडे बघत होते. ते बराच वेळ बघत राहिले, खात्याच्या नजरेने, धरणाच्या भिंतीकडे बघावं तसे.

"त्याला म्हणावं, हे धूड घळीतून वर ओढायला क्रेन लागेल. उतरू या खालीच."

मी हेमंतकडे वळलो. "दादा म्हणतात, हे धूड..."

"कळलं," हेमंत म्हणाला. सबंध दिवसात तो पहिल्यांदा हसला, आणि दादांनीही दुसरीकडे तोंड करून मिशीवरून हात फिरवला.

धोंडघळ म्हणजे डोंगराला उभी पडलेली चीर. तोंडाशी दोन बैलगाड्या जातील एवढी, आणि आत जावं तशी आवळत जाणारी. दोन्ही बाजूंना काळे कडे, वर आभाळाची चिंधी. पायाखाली घराएवढे धोंडे, एकावर एक टाकलेले. मध्ये मध्ये कमरेएवढं पाणी, इतकं गार की शिवीसुद्धा घशात थिजावी. दादा पुढे, हेमंत मागे आणि अर्थातच मी मध्ये. धोंड्यावर चढायचं असलं की पुढून हात येई आणि मागून खांदा लागे. दोघं मला फळीवरच्या डब्यासारखं इकडून तिकडे सरकवत होते. एक शब्द न बोलता दोघांचं काम इतकं जुळत होतं की मला त्यांचा राग यायला लागला. हात एकाचे आणि खांदा दुसऱ्याचा. ज्याच्या अंगाला हे लागत होतं त्याला कोणी विचारत नव्हतं.

मग वाट संपली. पुढे कडा होता. तिमजली इमारतीएवढा, आणि खाली हिरवट पाण्याचा डोह.

हेमंतने खडकातल्या कडीत दोर ओवला आणि पहिला उतरला. थोडं खाली कड्याला पोट सुटलं होतं. त्या फुगवट्याखाली तो गेला आणि दिसेनासा झाला. खालून आवाज आला, "दाजींना पाठवा." कुणी पाठवावं, ते त्याने सांगितलं नाही.

दादांनी माझ्या कमरेच्या पट्ट्याला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एक कडी अडकवली आणि त्यातून दोर घेतला. त्याचं खालचं टोक हेमंतच्या हातात होतं. शिवाय त्यांचा स्वतःचा जुना दोरही बांधला, वरून धरून ठेवण्यासाठी. "हा माझ्या हातात आहे," ते म्हणाले. "पडायचं ठरवलंत तरी पडता येणार नाही."

मी उतरू लागलो. सुरुवातीला बरं चाललं होतं. फुगवट्यापाशी आलो, पाय सुटले आणि मी कड्यापासून लोंबकळलो. तिथे माझ्या न खोचलेल्या शर्टाचं टोक दोराबरोबर त्या कडीत शिरलं आणि दोराने ते गिळायला सुरुवात केली. शर्ट ओढत ओढत कॉलर मानेशी आली आणि सगळं थांबलं. ना वर, ना खाली.

"दाजी, काय झालं?" वरून.

"दाजी, थांबलात का?" खालून.

"शर्ट अडकला," मी म्हणालो.

घळीने तेच तीनदा ऐकवलं.

"त्याला म्हणावं, खालचा दोर ढिला सोड," दादा वरून म्हणाले.

"हेमंत, दोर ढिला सोड."

"त्यांना म्हणावं, ढिला सोडून काय होणार? वजन दोरावर आहे. आधी वरचा दोर ओढून वजन तिकडे घ्या, मग सोडतो."

"दादा, आधी वरून ओढा."

"त्याला म्हणावं, आधी सोडल्याशिवाय ओढू कसा?"

घळीत खाकरलं तरी कोसभर ऐकू जातं. दोघांना एकमेकांचं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. तरी एक जण बोलून थांबायचा आणि दुसरा मी बोलायची वाट बघायचा. मध्ये मी, कॉलरने गळा धरलेला, पाय हवेत, निरोप पोचवतोय. बायकोचे भाऊ. हिंदीत याची शिवी का होते, ते मला कळलं. बरं, निरोप वर न्यायचा तर मान वर करावी लागे, आणि मान वर केली की कॉलर आणखी आवळे.

"दाजी, त्याला म्हणावं..."

"दाजी, त्यांना सांगा..."

मला खाली डोह दिसत होता. त्यात आभाळाची चिंधी होती आणि चिंधीला टांगलेला एक जाड माणूस होता. मी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. सात वर्षं मी याला ओळखत होतो.

मी तोंड मिटलं.

"दाजी? ऐकलंत ना? त्याला म्हणावं..."

मी गप्प.

"दाजी, ते काय म्हणतायत?"

गप्प. घळीत कुठेतरी पाण्याचा थेंब पडत होता. माझा दोर किंचित फिरला. माझं तोंड एकदा या कड्याकडे झालं, एकदा त्या कड्याकडे.

"दाजी," दादांचा आवाज बदलला होता. "अहो दाजी. बोला की."

"दाजी," खालून. मग पाण्यात पाय मारल्याचा आवाज.

आणि मग वरून, खूप मोठ्याने, माझ्या डोक्यावरून, मला वगळून:

"हेम्या! ए हेम्या! ते बोलत का नाहीत रे? तुला दिसतायत का?"

खाली सगळं थांबलं. पाणीसुद्धा. घळीने 'हेम्या, हेम्या' म्हटलं आणि तीही गप्प झाली.

"दिसतायत, दादा," हेमंतचा आवाज आला. "लोंबकळतायत. डोळे उघडे आहेत."

"मान?"

"सरळ आहे. दादा, तू ओढ. तू ओढलास की मी सोडतो."

"ओढतो. तीन म्हणेन."

"म्हण."

दादांनी मोजलं. वरचा दोर ताठ झाला, माझं सगळं वजन त्यांनी घेतलं, खालचा ढिला झाला आणि शर्ट टर्रकन फाटत सुटला. मी दोन हात खाली आलो, मग चार हात, आणि मग हेमंतच्या मिठीत, डोहात, गळ्यापर्यंत.

"काय हो, दाजी," तो मला गदागदा हलवत म्हणाला. "वाचा गेली का तुमची?"

"सापडेल," मी म्हणालो.

आता दादा वर एकटे राहिले होते. मला वरून धरायला दादा होते. दादांना वरून धरायला कुणी नव्हतं. शेवटी उतरणाऱ्याचं असंच असतं. त्याचा हात सुटला तर खाली जो दोर धरून उभा असेल त्याने तो ताणायचा, म्हणजे माणूस जागीच थांबतो. त्याने नाही ताणला तर थांबत नाही.

हेमंतने खाली दोराचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि खडकाला पाय रोवले. फुगवट्यामुळे दादा दिसत नव्हते. बराच वेळ काही हललं नाही. एक खडा खाली आला. छपन्न वर्षांचे दादा, एक गुडघा नीट वाकत नाही म्हणून घरच्या जिन्यालासुद्धा कठडा धरतात, हे हेमंतला ठाऊक नव्हतं. मला होतं. तो निरोप मला कुणी दिला नव्हता.

"हेम्या," वरून आवाज आला. मघासारखा मोठा नव्हता. "धरलायस ना?"

"धरलाय, दादा."

वरून बूट घासल्याचा आवाज आला. मग, जेमतेम ऐकू येईल असं:

"सांभाळ रे."

 हेमंतने दोर मनगटाला आणखी एक वेढा दिला आणि वर बघत राहिला, पापणी न हलवता. आधी दादांचे बूट दिसले. कातडी होते. सटकत होते. दोनदा सटकले, आणि दोन्ही वेळा हेमंतने दोर ताणून त्यांना जागच्या जागी धरलं. दादा पाण्यात उतरले तेव्हा दोघं एकमेकांकडे न बघता दोर ओढायला लागले. दोर सळसळत कडीतून सुटला आणि पाण्यावर पडला.

"झालं," हेमंत म्हणाला. "आता मागे वाट नाही."

"जायचंय कुणाला?" दादा म्हणाले.

त्यानंतरचा दिवस माझ्यासाठी वाईट गेला. घळ संपेपर्यंत आणि मग सबंध बैलघाट चढून वर येईपर्यंत ते बोलत होते. अण्णा, मळा, आंबा, एकमेकांची पोरं, सात वर्षांत मेलेली आणि जन्मलेली माणसं. दम लागला की विषय बदलून माझ्यावर यायचे. शर्ट खोचला का नाही, विचारलं तर उत्तर का दिलं नाही, माणसाने इतकं घाबरायचं असतं का. मी गप्प का बसलो, हे दोघांनीही मला विचारलं नाही. घाबरून माझी दातखीळ बसली, यावर दोघांचं एकमत होतं. सात वर्षांतलं ते त्यांचं पहिलं एकमत. मी त्याला धक्का लावला नाही.

परतताना दोघं मागच्या सीटवर बसले. पुढची सीट रिकामी. मी भाड्याचा ड्रायव्हर असल्यासारखा सिन्नरपर्यंत आलो.

सासूबाई फाटकातच उभ्या होत्या. मागचं दार उघडून दोघं एकाच बाजूने उतरले, ते त्यांनी पाहिलं. मग पुढून मी उतरलो. शर्टाचं अर्धं पोट गायब, गळ्याला लाल वळ, एका पायात कातडी बूट आणि दुसऱ्यात कापडी, कारण डोहात एकेक गेला होता.

"माझ्या जावयाचं काय केलंत रे?" त्या म्हणाल्या. दोघं एकदम बोलायला लागले. त्यांनी दोघांना एकदम गप्प केलं. मला आत नेलं, गरम पाणी दिलं, वळाला तूप लावलं आणि लावता लावता बाहेर ओरडत राहिल्या, की यांना परत न्याल तर याद राखा. ओरडताना त्यांना कधी नव्हे तो आवाज फुटला होता.

कुंदाने फाटका शर्ट उचलून बघितला. "काय झालं?"

"दोर ओढला," मी म्हणालो.

तिने जास्त विचारलं नाही. त्या दिवशी ती पोळ्या लाटत होती आणि तिचं लाटणं नेहमीपेक्षा जरा हलकं वाजत होतं. आठवड्याने सासूबाईंची पिशवी कॉटखालून निघाली. संगमनेरला गेली, मग नाशिकरोडला, मग पुन्हा आमच्याकडे. पण आता ती जायची तेव्हा खरंच जायची.

त्यानंतर काही वर्षांनी थंडीत त्या गेल्या. झोपेतच.

दहाव्याला पुन्हा प्रवरेचा घाट, तीच भावकी, तीच बाभूळ. पिंड मांडले. कावळा आला आणि फांदीवर बसून राहिला. दादा आणि हेमंत खांद्याला खांदा लावून उभे होते. दादा म्हणाले, आई, आम्ही एकत्र आहोत. कावळा हलला नाही. हेमंत म्हणाला, आई, दर भाऊबीजेला दोघं ताईकडे बरोबर जाऊ. कावळा पलीकडच्या फांदीवर गेला. दोघांनी मिळून आंब्याचं, मळ्याचं, नातवांच्या शिक्षणाचं सांगून पाहिलं. ऊन वाढत चाललं. भावकी चुळबुळायला लागली. दोघांचे चेहरे उतरले. हेमंतने दादांचा हात धरला होता, ते दोघांच्याही लक्षात नव्हतं.

कुंदा मागून पुढे आली आणि हळूच म्हणाली, "तिचा जीव कशात अडकलाय, मला ठाऊक आहे. दाजींना परत डोंगरात नेणार नाही म्हणा."

"इथे? सगळ्यांसमोर?" दादा म्हणाले.

"म्हणा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, हात जोडले आणि एका सुरात म्हणाले, "आई, दाजींना पुन्हा घळीत नेणार नाही."

कावळा सरळ खाली आला.

भावकीत कुणीतरी हसलं. या वेळी ते दोघंही हसले, आणि हसता हसता दादांनी खांद्यावरच्या टॉवेलात तोंड घातलं ते बराच वेळ काढलं नाही.

भाऊबीजेला आता कुंदाचा स्वयंपाक एकदाच होतो. दोघं एकाच वेळी येतात, ओल्या कुंकवाने खिडकीजवळ बसतात आणि पुढच्या डोंगराचे बेत करतात. कुठून चढायचं, कुठून उतरायचं, फेरी सुलटी का उलटी. भांडतात, पण तोंडावर. मला कुणी काही विचारत नाही. मी समोर बसून करंजी खातो, आणि जुन्या सवयीने अधूनमधून म्हणतो, "बरोबर आहे."